पद्मिनीसाठी पद्मिनी: पार्टसाठी दुसरी गाडी घ्यावी का, आणि कशी

घरामागे फणसाखाली वर्षानुवर्षं उभी असलेली फियाट पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली की गोव्यात हमखास एकच सल्ला मिळतो: "भंगारातली एक पद्मिनी उचल आणि तिचे पार्ट हिला लाव." सल्ला चुकीचा नाही. पण त्या दुसऱ्या गाडीतलं काय घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे कोणी सांगत नाही, आणि नवख्याचे पैसे नेमके तिथेच बुडतात. म्हणून हा आढावा प्रीमियर पद्मिनीचा आहे, पण डोनर म्हणून, म्हणजे पार्ट काढून घ्यायची गाडी म्हणून.

आमचं मत आधीच सांगतो. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यासाठी पद्मिनीइतकी सोयीची जुनी गाडी नाही. १९६१ च्या आधी गोव्यात आयात झालेल्या युरोपी गाड्या दिसायला कितीही देखण्या असल्या तरी त्यांच्यासाठी डोनर मिळणं फार कठीण. पद्मिनीचं तसं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून ती बाहेर पडायला लागली, पुढे प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी. पेट्रोल गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन तेच राहिलं, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे किंगपिन (ज्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं ती). त्यात मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती दशकानुदशकं चालवली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. इतका मोठा टॅक्सीधंदा असल्यामुळे रिंगा, बेअरिंग, क्लचप्लेट, व्हील सिलेंडरची किट असा झिजणारा माल नवा बनत राहिला. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधलं तर तो आजही हाती लागतो.

यातून निघणारी गोष्ट नवख्याला उलटी वाटते: डोनरचं इंजिन चालू आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. इंजिनाचा झिजणारा माल बाजारात आहे, आणि बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून मिळतं. बाजारात मिळत नाही ते दारं, काचा, काच वरखाली करायची मशीन, पुढच्या दारातली तिकोनी काच तिच्या चौकटीसकट, डॅशबोर्ड, मीटर, बंपरच्या ब्रॅकेट, हँडलं आणि स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्या. डोनरची किंमत या मालावर ठरवा. हँडलं जस्ताच्या ओतकामाची असतात. त्यांच्यावर बारीक फोड आले असतील तर पुन्हा क्रोम चढवूनही खड्डे दिसतात, म्हणून बोटाने चाचपून गुळगुळीत असलेलीच घ्या.

साल जुळवणं महत्त्वाचं. यांत्रिक भाग बहुतेक इकडचे तिकडे बसतात, पण ग्रिल, बंपर, टेललाइट, डॅशबोर्ड काळानुसार बदलत गेले. शेवटच्या काळातल्या एस-वन मॉडेलला गिअर खाली फरशीवर आहे. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या गाडीला ती डोनर म्हणून घेतलीत तर गिअरची अख्खी जोडणी वाया जाते. १३७ डी ही डिझेल गाडी, तिचं इंजिन पूर्ण वेगळं. तिच्याकडे फक्त पत्र्यासाठी आणि काचांसाठी बघा. जाताना आपल्या गाडीचे फोटो आणि मापपट्टी खिशात हवी. मालक "सगळ्या सारख्याच हो" म्हणेल. आपण माप लावून बघायचं.

आता गंज. गोव्यातली डोनर आणि घाटावरची डोनर यांत गंज हाच मोठा फरक. किनाऱ्यावर खारा वारा, वर चार महिने पाऊस, आणि पद्मिनीला वेगळी चासी नाही: पत्र्याचं अंगच तिचा सांगाडा. फरशी आणि दारांखालचे उंबरे कुजले की गाडी मधोमध खचते आणि दारं लागेनाशी होतात. कळंगुट किंवा कोलव्याच्या बाजूला उघड्यावर उभी राहिलेली गाडी स्वस्त मिळेल, पण तिचा पत्रा दुसऱ्या गाडीला लावायच्या लायकीचा सहसा नसतो. तिच्याकडून काचा आणि मीटर घ्या. पत्रा हवा असेल तर चोर्ला घाट चढून बेळगावच्या पुढे कोरड्या भागात शोधा. ट्रकचं भाडं वेल्डिंगच्या मजुरीत वसूल होतं.

तपासायला फ्रिजवरचं पातळ लोहचुंबक आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर पुरे. लोहचुंबक दाराच्या खालच्या वीतभर पट्टीवर, मागच्या चाकांच्या कमानीवर आणि हेडलाइटभोवती फिरवा. चिकटत नसेल तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग खाली वाकून स्क्रूड्रायव्हरने उंबऱ्याची खालची कड, जॅक लावायची जागा, डिकीत स्टेपनीची जागा आणि पाटे जिथे अंगाला जोडले जातात ते हँगर टोचून बघा. पाट्याच्या हँगरपाशी टोक आत गेलं तर मागचा पत्रा सोडून द्या. पुढच्या काचेच्या रबराखालची कड नीट बघा. पाणी तिथून झिरपून डॅशबोर्डामागे उतरतं आणि पायाखालची फरशी खातं; वरून चटई असल्यामुळे ते कळत नाही. चटई उचलल्याशिवाय सौदा करू नका.

मुंबईची टॅक्सी डोनर म्हणून येत असेल तर तिचे दोष ठरलेले असतात. सीएनजीची टाकी बसवताना डिकीच्या फरशीला भोकं पाडलेली असतात आणि त्या भोकांभोवती गंज पसरतो. गॅसवर वर्षानुवर्षं धावलेल्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट झिजून खचलेल्या असतात. छतावरच्या कॅरियरमुळे गटरची कड दबलेली असते. पुढची सीट आणि क्लचचं काम झिजलेलं, पण मागची दारं आणि काचा बऱ्याचदा उत्तम.

यांत्रिक भागातलं एकच तपासायला वेळ असेल तर किंगपिन तपासा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन किंवा त्याचा बुश (तो ज्यात फिरतो ती नळी) गेलाय. किंगपिनचं किट नवं घ्यावं, पण बुश ठोकून बसवल्यावर लेथवाल्याकडून रीमिंग (आतलं भोक नेमक्या मापाला तासणं) करून घ्यावंच लागतं. घरी पॉलिश पेपरने घासून बसवलेला बुश वाकडा झिजतो आणि स्टिअरिंग जड राहतं.

गिअरबॉक्सबद्दल नवखे सगळ्यात जास्त फसतात. पद्मिनीचा गिअर अडकतो, पहिल्यातून निघत नाही, रिव्हर्स सापडत नाही. लगेच "बॉक्स गेला" म्हणून डोनरचा बॉक्स उतरवला जातो. खूपदा दोष बॉक्समध्ये नसतोच. स्टिअरिंगच्या दांड्यापासून खाली जाणाऱ्या सळयांच्या टोकांना छोटे बुश असतात, ते झिजले की दोन गिअर एकाच वेळी अर्धे गुंततात. बॉनेट उघडा, एकाने लिव्हर हळू हलवावा आणि दुसऱ्याने सळयांची टोकं बघावीत. लिव्हर बोटभर सरकूनही सळई जागची हलत नसेल तर बुश बदला, आणि मगच बॉक्सचा विचार करा. पहिल्या गिअरला सिंक्रो (दातांचा वेग जुळवणारी कडी) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकताना करकर होणारच. बॉक्स घ्यायचाच असेल तर तेल पांढऱ्या कापडावर काढा. बारीक चमचम चालते, दाताचा तुकडा चालत नाही.

जाम झालेलं इंजिन ओढून चालू करायला जाऊ नका. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल सोडा, तीन-चार दिवस थांबा, मग इंजिन फिरवायच्या हँडलने मागेपुढे हळू झुलवा. सुटलं तर कॉम्प्रेशन मोजा: चारही प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. हेड अॅल्युमिनियमचं आहे. गाडी कधी तापली असेल तर ते वाकलेलं असू शकतं, म्हणून सरळ पट्टी लावल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू नका.

डोनर उघडताना काचा आधी, पत्रा नंतर. जुनं रबर ब्लेडने बाहेरून कापून टाका. रबर वाचवायच्या नादात काच जाते, आणि रबर नवं मिळतं. दार एकटं काढू नका: बिजागरी, कुलूप आणि खांबावरचा खटका हा एकच संच आहे. बिजागरीचे स्क्रू गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल घाला आणि सकाळी हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. साध्या ड्रायव्हरने स्क्रूची खाच एकदा गेली की ड्रिल करत बसावं लागतं. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत कागदावर पेन्सिलने नाव. शाई आपल्या दमट हवेत पसरते.

पत्रा कापताना होणारी मोठी चूक म्हणजे उंबरा आधी कापणं. हे अंगच सांगाडा आहे म्हटलं ना. उंबरा कापला की दाराची चौकट अर्धा सेंटीमीटर तरी हलते आणि दार पुन्हा कधी बसत नाही. आधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत लोखंडी अँगल टाचून घ्या, मग कापा, आणि एका वेळी एकच बाजू. गंज जिथे संपतोय असं वाटतं त्याच्या इंचभर पुढे, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. वीस गेजचा पत्रा, मिग वेल्डिंगचे टाचे तीन-चार सेंटीमीटर अंतरावर, मधे थंड होऊ देत. एका दमात रेघ ओढली की पत्रा लाटेसारखा होतो आणि मग लांबी चढत जाते. उघडा पत्रा इथे एका रात्रीत तांबूस पडतो, म्हणून वेल्डिंग घासलं त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. नुसतं रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. पेंटर ती हमखास बुजवतात. पेंटिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. पावसाळ्यात मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते. जून ते सप्टेंबर छपराखाली इंजिन आणि ब्रेक करा.

डोनरकडून कधीच घेऊ नयेत अशाही गोष्टी आहेत. ब्रेकचे होज, व्हील सिलेंडरची रबरं, पेट्रोलचे होज आणि पंपाचा पडदा नवेच हवेत. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं, म्हणून होजही इथेनॉल सहन करणारा घ्या. वायरिंगही नको. बाहेरून बरी दिसणारी वायर सोलून बघा: आत तांबं हिरवं-काळं झालेलं असतं, आणि तिथेच ती तापते. स्विच, होल्डर, मीटर ठेवा आणि वायर नवी ओढा. टायर, कितीही नक्षी शिल्लक असली तरी, नकोत. ५.२० x १४ चं माप दुकानात लगेच मिळत नाही, म्हणून ते आधी शोधून ठेवा. जुन्या ब्रेकशूची धूळ हवेने उडवू नका, ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकमधली हवा काढायला मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

कागदपत्रांत मात्र काहीही चालवून घेऊ नका. डोनरच्या चासी नंबरचा तुकडा कापून आपल्या गाडीला जोडणं हा गुन्हा आहे, कोणी "इथे सगळे करतात" म्हटलं तरी. इंजिन बदललं तर आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो, आणि त्याची परवानगी आधी आरटीओकडून. डोनर घेताना मालकाची सही असलेलं विक्रीपत्र आणि आरसी घ्या. गाडी कायमची मोडीत काढल्यावर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा हे काम सौद्यातच ठरवून टाका. तुमची मूळ गाडी जुनी, 'जीडी'ने सुरू होणाऱ्या नंबरची असेल तर पैसे घालण्याआधी तिची नोंद आरटीओत सापडते का ते बघा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण मग ती रोजच्या वापरात चालत नाही. रोज मडगावला न्यायची असेल तर तो रस्ता धरू नका.

आणि सांगाडा. तो आवारात पावसाआधी शिल्लक ठेवू नका. डिकीत आणि फरशीत पाणी साचून डासांची पैदास होते, आणि शेजारी पंचायतीत जातात ते बरोबरच असतं. मे महिन्यापर्यंत काचा, दारं, मीटर, गिअरच्या सळया, चांगल्या असतील तर पुढच्या चाकांचे हब आणि एक सुटा डायनॅमो काढून माळ्यावर ठेवा, बाकीचा सांगाडा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. डाव्या पुढच्या दाराची काच मात्र, स्वतःची शाबूत असली तरी, एक जादा ठेवा.