जुने रूळ घ्यायचे: मेर्क्लिनचे पत्र्याचे की फ्लाइशमानचे पितळी?

जर्मनीतल्या जुन्या बाजारांत खेळण्यातल्या आगगाडीचे, एच-झीरो या छोट्या मापाचे रूळ शोधायला निघालात की हे दोन ढीग हमखास समोर येतात. ग्योपिंगनच्या मेर्क्लिनचे पत्र्याचे 'एम' रूळ आणि न्यूरेंबर्गच्या फ्लाइशमानचे पितळी. दोन्हींत रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटरच, पण वीज घेण्याची पद्धत वेगळी. त्यामुळे एकदा निवडलं की इंजिनंही त्याच पद्धतीची घ्यावी लागतात. मी दोन्ही वापरले आहेत.

दिसायला फ्लाइशमान उजवे, यात वाद नाही. नुसते दोन रूळ, मधे काही नाही. मेर्क्लिनच्या स्लीपरांवरचे वीज देणारे ठिपके अनेकांना खुपतात आणि पत्र्यावर गाडी चांगलीच खडखडते.

तरी माझ्यापुरता निकाल लागला तो वळशावर. गाडी पुढे जाऊन, गोल फिरून, त्याच रुळावर उलट दिशेने परतावी, ही कुठल्याही पोराची पहिली इच्छा असते. दोन रुळांच्या पद्धतीत इथे डावा रूळ फिरून उजव्याला येऊन भिडतो आणि शॉर्ट होतो. उपाय आहेत: वळशाच्या दोन्ही टोकांना रूळ तोडून इन्सुलेटेड जोड घाला, गाडी आत असताना स्विचने ध्रुव बदला. कायमच्या टेबलावर हे सगळं ठीक आहे. पण जमिनीवर मांडून रात्री आवरायचं असेल तर दर वेळी हे कोण करणार? खेळाचा सगळा उत्साह त्यातच जातो. मेर्क्लिनमध्ये बाहेरचे दोन्ही रूळ एकाच तारेचे, दुसरी तार मधल्या ठिपक्यांत. म्हणून वळसा घाला, त्रिकोण करा, अंडाकृतीच्या मधून तिरका रूळ टाका, काहीही जोडलं तरी गाडी चालते.

कायमचा, हुबेहूब देखावा उभारणाऱ्याने फ्लाइशमान घ्यावेत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दमट हवेत, म्हणजे मुंबई-कोकणात रूळ न्यायचे असतील तरीही. पितळ काळवंडतं, पुसलं की झालं, पत्र्याला मात्र गंज चढतो. बाकीच्यांनी एम घ्यावेत. मेर्क्लिनचे 1996 पासूनचे सी रूळही जोड-तुकडा लावून त्यांना जोडता येतात.

घेताना प्रत्येक तुकडा उलटा करून बघा. टोकाशी मधल्या वीजवाहक पट्टीची जीभ असते, ती वाकून पत्र्याला टेकत असेल तर सगळा मार्ग बंद पडतो. गोलाला 360 मिलिमीटर त्रिज्येचे बारा तुकडे लागतात. दोन जास्तीचे घ्या.