अक्षय कच्च्या मालापासून इथिलीन: इथेनॉल, मिथेनॉल की तेल?

इथिलीनचा रेणू उसातून आला की खनिज तेलातून, हे त्यापासून बनणाऱ्या पॉलिथिनला कळत नाही. सगळा फरक त्याआधीच्या वाटेत आहे.

सर्वांत सरळ वाट इथेनॉलची. त्याची वाफ ३०० ते ४५० अंश सेल्सिअसला, उत्प्रेरक म्हणून ठेवलेल्या अ‍ॅल्युमिनावरून नेली की पाणी सुटतं आणि इथिलीन मिळतं. तापमान कमी पडलं तर डायइथिल ईथर होतं, फार चढलं तर अ‍ॅसिटाल्डिहाइड डोकं वर काढतं. मधला पट्टा सांभाळला तर बाकी कटकट थोडीच. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनीने उसाच्या इथेनॉलवर वर्षाला २ लाख टनांचा कारखाना २०१० मध्येच सुरू केला, म्हणजे हे प्रयोगशाळेतलं स्वप्न नाही.

खरी कळ हिशेबात आहे. १ टन इथिलीनसाठी कागदावरच १.६४ टन इथेनॉल लागतं. त्याआधी किण्वनात, म्हणजे यीस्टने साखरेचं इथेनॉल करताना, साखरेतला एक तृतीयांश कार्बन, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेलेला असतो. म्हणून १०० किलो ग्लुकोजमधून फार तर ३१ किलो इथिलीन. उत्प्रेरक कितीही उत्तम आणा, हा आकडा हलत नाही.

हाताशी साखर नसून लाकूड किंवा काडीकचरा असेल तर मिथेनॉलकडे वळावं लागतं. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन यीस्टला पचत नाही. वायूकरणाला, म्हणजे प्रचंड उष्णतेने सगळ्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचा वायू करण्याला, मात्र तेही चालतं. पण मग टप्पे वाढतात: डांबर आणि गंधक काढून वायू स्वच्छ करायचा, तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावर दाबाखाली मिथेनॉल करायचं, मग सापो-३४ या सूक्ष्म छिद्रांच्या उत्प्रेरकावर त्याचं इथिलीन. त्यावर काजळी इतक्या लवकर साचते की उत्प्रेरक सतत बाहेर काढून, काजळी जाळून परत सोडावा लागतो. प्रोपिलीनही सोबत मिळतं, पण एवढा पसारा लहान प्रकल्पाला झेपत नाही. प्रोपिलीनला गिऱ्हाईक नसेल तर माझं मत इथेनॉललाच.

आधीच नॅप्था क्रॅकर, म्हणजे नॅप्था हे खनिज तेलातलं हलकं द्रव तापवून त्याचं इथिलीन करणारी भट्टी, असेल तर वनस्पती तेल किंवा वापरलेलं तेल निकेल-मॉलिब्डेनमवर हायड्रोजनने शुद्ध करून त्यातला नॅप्था त्याच भट्टीत घालता येतो. नवा कारखाना लागत नाही. पण त्या प्रक्रियेतून मुख्यतः डिझेल निघतं, नॅप्था जोडीला येतो. तो किती मिळेल, हे डिझेलवाला ठरवतो.