कुत्र्याचं लाइफ जॅकेट: फोम नंतर बघा, आधी मूठ बघा

ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात लेफ्कादा, मेगानिसी, इथाका, केफलोनिया ही बेटं इतकी जवळ आहेत की सकाळी एका खाडीत नांगर उचलावा आणि जेवणाआधी दुसऱ्या खाडीत टाकावा. कुत्र्याला घेऊन शिडाच्या बोटीने फिरायला याहून सोयीचा समुद्र शोधावा लागेल. अशा फिरतीसाठी ज्याचं नाव हमखास पुढे येतं, त्या रफवेअर कंपनीच्या फ्लोट कोट या जॅकेटचं हे परीक्षण आहे.

जॅकेटबद्दल पहिला प्रश्न येतो तो 'कुत्रा तरंगतो का?' तरंगतो. पण बहुतेक कुत्र्यांना पोहता येतं. येत नाही ते बोटीवर परत चढणं. बारा मीटरच्या बोटीचा काठ मधोमध पाण्यापासून मीटरभर तरी उंच असतो, आणि फायबरच्या गुळगुळीत अंगावर नखं ठरत नाहीत. शिडी कुत्र्याच्या कामाची नाही. कुत्रा काठाशी धडपडत राहतो, दमतो, आणि चांगला पोहणाराही बुडतो. म्हणून हे जॅकेट आधी उचलायचं साधन आहे, तरंगायचं नंतर.

या कसोटीवर फ्लोट कोट चांगला उतरतो. पाठीवरची मूठ रुंद आहे, ओल्या हाताला सापडते, आणि बोटीच्या हुकानेही पकडता येते. मूठ कुत्र्याच्या वजनाच्या मध्यावर येते की नाही, हे मात्र घरीच बघा. जॅकेट घालून कुत्र्याला जमिनीपासून वीतभर, तीन सेकंद उचला. अंग आडवं राहिलं तर ठीक. नाक खाली गेलं किंवा जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर माप चुकलंय किंवा पट्टे सैल आहेत. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच सैलता हवी.

माप वजनावरून घेऊ नका. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेप फिरवा. एस 56 ते 69 सेंमी, एम 69 ते 81, एल 81 ते 91, एक्सएल 91 ते 107. छाती नेमकी सीमेवर आली तर दोन्ही मापं मागवून उचलून बघा. दाट केसांचा कुत्रा भिजला की केस चपटे होतात आणि कोरड्यात घट्ट वाटलेलं जॅकेट पाण्यात ढिलं पडतं. म्हणून पट्ट्यांचा शेवटचा ताण एकदा भिजवून बघावा. निळा रंगही मिळतो. तो घेऊ नका. लाटांत लाल किंवा केशरीच दिसतो.

माणसांच्या जॅकेटवर तरंगवण्याची ताकद 100 न्यूटन, 150 न्यूटन अशी लिहिलेली असते, कारण त्यामागे आयएसओ 12402 हे मानक आहे. कुत्र्यांच्या जॅकेटला तसं कुठलंही मानक लागू नाही, अमेरिकेचं तटरक्षक दलही त्यांना मान्यता देत नाही. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा दावा कंपनीचाच समजावा आणि पहिली चाचणी उथळ, शांत पाण्यात घ्यावी.

आता उचलण्याची पद्धत. कुत्रा पाण्यात पडला की एकाने फक्त त्याच्याकडे हाताचं बोट रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही. जवळ गेल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये. बोटीचा पंखा (प्रोपेलर) फिरत असताना कुत्र्याला मागच्या बाजूला येऊ द्यायचं नाही. मागची पायरी खाली उतरवून गुडघ्यावर बसा, मूठ धरून आधी पुढचे पंजे फळीवर आणा आणि मग मागचा भाग ओढा. एकदम सरळ वर उचलायला गेलात तर तुमची पाठ जाते. पंधरा किलोपर्यंत हे एका माणसाचं काम आहे. पंचवीसच्या पुढे, ओल्या केसांसकट, लाटेत, नुसत्या मुठीवर भिस्त ठेवू नये. तिथे पोट आणि छातीखालून जाणारा वेगळा रुंद पट्टा हवा. तो स्पिनेकरच्या (पुढच्या मोठ्या फुगीर शिडाच्या) हॅल्यार्डला, म्हणजे शीड वर चढवायच्या दोराला, अडकवून विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चरकीवर, घ्यायचा. फ्लोट कोटची मर्यादा इथेच आहे: लॅब्रॅडॉरला तो पाण्यावर ठेवेल, डेकवर आणणार नाही. मूठ हॅल्यार्डला लावायचीच असेल तर आधी जॅकेटमध्ये कुत्र्याच्या वजनाइतके पाण्याचे कॅन बांधून धक्क्यावर टांगून बघा आणि मुठीचे टाके तपासा.

आणखी एक चूक फार दिसते. पाठीवर पट्टा अडकवायची कडी आहे, तिला लोक दोर लावून कुत्र्याला डेकवर बांधतात. ती कडी कुत्र्याला फिरायला नेण्यासाठी आहे. चालत्या बोटीवर बांधायचंच असेल तर छातीचा वेगळा हार्नेस घ्या, आणि दोर इतका आखूड ठेवा की कुत्रा कठड्यापलीकडे जाऊच शकणार नाही. काठाबाहेर लटकलेला कुत्रा पाण्यात पडलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. गळपट्ट्याला तर कधीच बांधू नये.

ऊन हा या जॅकेटचा खरा शत्रू. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा सहज तेहतिशीच्या पुढे जातो, आणि बंद पेशींच्या फोममधून हवा जात नाही. चालत्या बोटीवर जॅकेट असू द्या, पण मधूनमधून पाण्याने भिजवा. नांगर पडला आणि सावली मिळाली की काढा. किलोमागे रोज 50-60 मिली गोडं पाणी धरा, उन्हात दुप्पट. पंचवीस किलोच्या कुत्र्याला आठवड्याचे वीस लिटर वेगळे ठेवले तर काटकसर करावी लागत नाही. भांडं रिकामं राहिलं की तो समुद्राचं पाणी चाटतो, आणि उलट्या-जुलाब सुरू होतात.

रोज संध्याकाळी जॅकेट गोड्या पाण्यातून काढा. मीठ वाळलं की काखेत घासून कातडं सोलतं, आणि वाळू बकलांत अडकली की बकलं उघडत नाहीत. वाळवताना सावलीत टांगा. जड सामानाखाली दाबून ठेवलं तर फोम दबतो आणि तरंगण्याची ताकद उतरते.

डिंगीतून, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीतून, किनाऱ्यावर जाताना जॅकेटची गरज सगळ्यांत जास्त. दुपारनंतर वायव्येचा मायस्त्रो वारा चढतो, म्हणून पहिली फेरी सकाळी आणि दुसरी वारा पडल्यावर. डिंगीच्या तळाशी रबरी चटई टाका, नाहीतर कुत्रा घसरतो आणि उडी मारतो. इंजिन वर उचलेपर्यंत जॅकेटची मूठ हातात ठेवा. रोजच्या फेऱ्या टाळायच्या असतील तर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, 60×90 सेंमीची नकली गवताची चटई बांधा. निघण्याच्या काही आठवडे आधीपासून एका ठरावीक शब्दावर तिथेच शी-शू करायची सवय लावावी लागते.

भारतातून कुत्रा नेणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब वेगळाच: मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताची अँटीबॉडी चाचणी (किमान 0.5 आययू प्रति मिली), आणि त्या रक्ताच्या नमुन्यानंतर तीन महिन्यांनी युरोपात प्रवेश. वाळूमाशीतून पसरणाऱ्या लेश्मानियासिस या रोगापासून बचावासाठी डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा गळपट्टा निघायच्या आधी घाला.

आटोकोस या इथाकाजवळच्या छोट्या बेटाच्या वन हाउस बे या खाडीत नांगर टाकलात तर किनाऱ्यावर मोकळी डुकरं फिरत असतात. तिथे जॅकेट डिंगीत काढा, हार्नेस चढवा, आणि मगच कुत्र्याला किनाऱ्यावर सोडा, तेही दोरीने.