आमच्या वस्तीतील अंगणवाडी: आहार आणि वजनमाप चोख, पाण्याची सोय मात्र नाही

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका वस्तीत, भाड्याच्या छोट्या खोलीत चालणाऱ्या अंगणवाडीची सेवा मी थोरल्या मुलाच्या वेळी गरोदर असल्यापासून घेत आले आहे. थोरला मुलगा या अंगणवाडीतूनच महानगरपालिकेच्या शाळेत गेला, आणि चार वर्षांची धाकटी मुलगी रोज तिथे जाते. वस्तीत नव्याने राहायला आलेल्या आया मला नेहमी विचारतात की मुलाला इथे घालावे की फी भरून खासगी नर्सरीत. त्यांच्यासाठी हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे, कारण अंगणवाडीला ‘खिचडी मिळते ती जागा’ एवढेच समजणाऱ्यांना तिचे चांगले दिसत नाही आणि तिचे खरे दुखणेही कळत नाही.

ही सेवा नवी नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली आणि महाराष्ट्रात तिचा आरंभ झालेल्या ठिकाणांत मेळघाटातील धारणीबरोबर आपली धारावीही होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेनुसार मुलाला पुढे रुग्णालयात पाठवणे, आयांना आहार व आरोग्याचे शिक्षण देणे आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एकाच छताखाली द्याव्यात, ही मूळ कल्पना आजही योग्य वाटते.

प्रथम आहाराविषयी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळी नाश्ता आणि नंतर गरम ताजा आहार मिळतो. परिसरातील महिला बचत गट तो शिजवून डब्यांतून पोहोचवतो. आठवड्याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो आणि बहुतेक दिवशी तो पाळला जातो: मूगडाळीची खिचडी, मटकीची उसळ आणि भात, लापशी, कधी उपमा, कधी शेंगदाण्याचा लाडू. खिचडी मऊ असते, तिखट बेताचे असते आणि डाळ नावापुरती नसते. सेविकाताईंच्या परवानगीने मी ती अनेकदा चाखून पाहिली आहे. भाजीच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला जातो. गाजराचे चार तुकडे आणि क्वचित दुधी एवढ्यावर भागवले जाते, आणि पालेभाजी तर मी तिथे पाहिलेलीच नाही.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये पूरक आहारासाठी सर्वसाधारण मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कमी वजनाच्या मुलामागे १२ रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेमागे ९ रुपये ५० पैसे असा दर ठरवला. आठ रुपयांत नाश्ता आणि जेवण बसवणाऱ्या बायकांना मी दोष देणार नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला तेव्हा त्याच्या अनुसूचीत या वयाच्या मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे लिहिले होते. २०२३ मध्ये ती अनुसूची सुधारताना प्रथिनांचा दर्जा, स्निग्ध पदार्थ आणि सूक्ष्म पोषक घटक यांचाही विचार झाला. म्हणजे कागद पोटभर अन्नाकडून सकस अन्नाकडे सरकला. दर त्या वेगाने सरकला असता तर भाजीची तक्रार मला करावी लागली नसती.

तीन वर्षांखालील मुलांसाठी घरपोच आहार म्हणजे पाकिटातील मिश्रण मिळते, आणि माझ्या मते या सेवेतील हा सर्वांत कच्चा दुवा आहे. मुलगी लहान असताना ते गोड मिश्रण दोन-चार दिवस खाई आणि मग तोंड फिरवी. मी त्यात दूध घालून शिरा करत असे किंवा कणकेत मिसळून धिरडी घालत असे. ज्या आईला सकाळी सातला कामावर जायचे असते तिने हा खटाटोप कधी करावा? शिवाय पाकीट एका मुलाच्या नावाचे असले तरी घरात ते सगळ्यांच्या वाटीत जाते. नोंदीत मात्र त्या मुलाला महिन्याचा आहार मिळालेला असतो. २०२५ पासून हा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा पोषण ट्रॅकर ॲपवर जुळवून घ्यावा लागतो, त्यामुळे पाकीट योग्य हातात पडले याची खात्री होते. ते मुलाच्या पोटात गेले का, हे कोणतेही ॲप सांगू शकत नाही. नेटवर्क नसले की पाकिटासाठी आलेल्या बाया बाळ कडेवर घेऊन गल्लीत ताटकळत उभ्या असतात, आणि त्यांतल्या काही जणींचा त्या दिवसाचा कामाचा खाडा होतो.

वजन आणि उंची मोजण्याच्या कामाला मात्र मी पूर्ण गुण देईन. आमच्या सेविकाताई मुलाची चप्पल आणि जाड कपडे काढल्याशिवाय त्याला काट्यावर उभे करत नाहीत, काटा आधी शून्यावर आहे का ते पाहतात, आणि उंची घेताना टाचा भिंतीला टेकल्या आहेत याची खात्री मदतनीसताई खाली बसून करतात. दंडघेराची तीन रंगी पट्टी त्या स्वतः लावतात: ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. वस्तीतील एका मुलाचा दंडघेर लाल रंगात निघाला, तेव्हा त्यांनी आईला नुसती चिठ्ठी दिली नाही, तर दुसऱ्या दिवशी आशाताईंना बरोबर देऊन रुग्णालयात पाठवले. अशा मुलांसाठी मुंबईत चांगली सोय आहे. धारावीत ‘छोटा सायन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रात शेंगदाणे, दूध पावडर, तेल आणि साखर यांपासून केलेला औषधी आहार देऊन तीव्र कुपोषित मुलांवर उपचार होत आले आहेत. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने लुकडी आढळली. ही मुले आपल्यासमोर रोज खेळत असतात, आणि काट्याशिवाय ती कुणाच्या लक्षात येत नाहीत.

आता पाण्याविषयी, आणि इथे माझा सूर बदलेल. या खोलीला स्वतःचा नळ नाही आणि शौचालयही नाही. मदतनीसताई सकाळी पाणी सुटण्याच्या वेळी शेजारच्या घरातून दोन हंडे भरून आणतात. एक हंडा पिण्यासाठी झाकून ठेवला जातो, दुसरा हात धुण्याच्या तोटीच्या बादलीत ओतला जातो. बादली पुरते तोवर प्रत्येक मूल जेवणाआधी साबणाने हात धुते. ती संपली की उरलेली मुले एकाच टोपात हात बुडवून फडक्याला पुसतात. हात कसे धुवावेत याचे चित्र त्याच भिंतीवर आहे. मुलांना ते पाठही आहे.

शौचाची सोय याहून वाईट आहे. गल्लीच्या टोकाला सामुदायिक शौचालय आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषांत अशा शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट असे प्रमाण दिलेले आहे. चार वर्षांच्या मुलाला बसता येईल अशी एकही सीट आमच्या शौचालयात नाही. आत अंधार असतो, भांडे मोठे असते, मुले घाबरतात, आणि म्हणून ती खोलीबाहेरच्या उघड्या गटाराच्या कडेला बसवली जातात. २ ऑक्टोबर २०१९ रोजी देश हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या हिशेबात आमच्या गल्लीतील सर्वांत लहान माणसे धरलेली नसावीत, असे मला मनापासून वाटते.

याचा पोषणाशी संबंध थेट आहे. पावसाळ्यात माझ्या मुलीला पुन्हा पुन्हा जुलाब झाले, ती खात होती तरी वाढीच्या तक्त्यावरची रेघ आडवी पडली, आणि पाणी उकळून द्यायला लागल्यावर व पाऊस ओसरल्यावर ती वर चढली. वारंवार पोटात जाणाऱ्या जंतूंमुळे आतड्याला सूज राहते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते. तरीही इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे झालेल्या आणि २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत, साधे सुधारित शौचालय, हात धुण्याची सोय आणि पाण्यात क्लोरीन एवढ्यानेच मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहाराने ती थोडी वाढली. त्यावरून स्वच्छतेचा उपयोग नाही असा अर्थ काढणारे चुकतात. तोटीची एक बादली आणि भिंतीवरचे चित्र पुरेसे नाही, नळाचे स्वच्छ पाणी आणि बंदिस्त मलनिस्सारण लागते, असा अर्थ मी घेते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये वस्ती अधिकृत आहे की नाही हे न पाहता तिथल्या माणसांना पाणी द्यावे, अशा आशयाचा आदेश दिला होता. अंगणवाडीची खोली भाड्याची असल्यामुळे तिथे नळ किंवा शौचालय बांधण्यात कुणालाच रस नसतो: घरमालकाला भाडे हवे, आहार देणाऱ्या विभागाकडे पाणी नाही, पाणी देणाऱ्या विभागाच्या यादीत अंगणवाडी नाही.

शिक्षणाच्या बाजूने मला विशेष तक्रार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा काळ हा पायाभूत टप्पा मानला, त्यामुळे अंगणवाडी प्रथमच शाळेच्या शिडीवर आली. सेविकाताई गाणी घेतात, चिंचोके मोजायला देतात, भाज्यांची चित्रे ओळखायला लावतात. माझी मुलगी घोसाळे आणि दोडका यांतील फरक सांगते, जो शेजारच्या नर्सरीतील मुलांना येत नाही. इंग्रजी अक्षरे तिथे लवकर शिकवतात हे खरे आहे, पण तिथे जेवण नाही, वजनकाटा नाही, आणि डब्यात बहुतेक मुलांची बिस्किटे किंवा वेफर्स असतात. याच धोरणात शाळेतील मुलांना दुपारच्या जेवणाखेरीज सकाळचा नाश्ताही द्यावा असे सुचवले आहे. माझा मुलगा सहाव्या वर्षी शाळेत गेला आणि त्याचा रोजचा नाश्ता बंद झाला. वय वाढले म्हणून सकाळची भूक कमी होत नाही.

शाळेतील पोषण आहाराचे वेगळे परीक्षण होऊ शकेल, म्हणून इथे एकच मुद्दा मांडते. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे, देणे सुरू केले. मुलगा त्या दिवसाची वाट पाहत असे. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबवण्यात आला आणि हौसेने कुणी लोकसहभागातून दिले तर द्यावे असे ठरले. आमच्यासारख्या वस्तीत लोकसहभाग म्हणजे ज्यांच्या मुलांना अंड्याची गरज आहे त्यांच्याच खिशातून वर्गणी, आणि हा निर्णय मला अजिबात पटलेला नाही.

नव्याने आलेल्या आयांना माझे सांगणे असे की मुलाचे नाव अंगणवाडीत जरूर घालावे, आणि तेही गरोदरपणातच, कारण आईचा आहार व तपासणी तेव्हापासून सुरू होते आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या पैशांसाठी अर्जही सेविकाताई भरून देतात. वजनाच्या दिवशी स्वतः हजर राहावे, तक्त्यावरची रेघ दाखवायला सांगावी, आणि ती सलग दोन महिने आडवी असेल तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून सोडून देऊ नये. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची गोळी चुकवू नये. मुलाबरोबर उकळलेल्या पाण्याची बाटली द्यावी, नाव लिहून.

आहार, वजनमाप आणि शिकवणे यांसाठी मी या अंगणवाडीला पाचपैकी चार देईन. पाणी आणि शौचालय यांसाठी शून्य, आणि त्या शून्याचा दोष सेविकाताईंकडे किंवा मदतनीसताईंकडे जात नाही. आम्ही काही आयांनी खोलीला स्वतंत्र नळजोडणी आणि लहान मुलांसाठी एक शौचकूप मिळावा असा अर्ज सह्यांनिशी संबंधित कार्यालयात दिला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे. ज्यांच्या वस्तीतील अंगणवाडीला असा नळ मिळाला आहे त्यांनी तो कोणत्या विभागाच्या खर्चातून आणि घरमालकाच्या कोणत्या कागदावर मिळाला हे कळवल्यास आमचे काम पुष्कळ सोपे होईल.