वाईचा लाकडी संच, आठ महिन्यांनी: ढोल्या गणपतीला पाठ का नाही?

वाईच्या जुन्या वास्तूंच्या छोट्या प्रतिकृतींचा हा संच कसा दिसतो ते तुम्ही फोटोत पाहिलं असेलच: ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर, वाईजवळच्या मेणवलीचा वाडा, तिथलंच घंटेचं देऊळ आणि घाटाच्या पायऱ्या. वीतभर उंचीच्या पाच वास्तू, लेझरने कोरलेलं काम, खाली पितळी पट्टीवर नाव. गुढीपाडव्याच्या आठवड्यात घेतला. ४,८०० रुपये आणि वर कुरिअरचे २४०. दोन महिन्यांनी मी पाच तारे देऊन चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा आज मागे घेते आहे.

माझं माहेर वाईचं, गंगापुरीतलं. लग्न होऊन ठाण्यात आले त्याला अडतीस वर्षं झाली, घर पाचपाखाडीत. माहेरचं घर विकलं गेल्यापासून वाईत उतरायला आपली अशी जागा राहिली नाही, भाऊही आता भाड्याच्या घरात राहतो. त्यामुळे हा संच माझ्यासाठी शोभेची वस्तू नव्हता. खोका उघडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. पाच तारे त्या भरात दिले गेले.

आता मुद्द्याचं. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलं. मूर्ती सुमारे १० फूट उंच, म्हणून नाव ढोल्या. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण देवळाचं खरं वैशिष्ट्य मागे आहे. देऊळ कृष्णेच्या अगदी काठाला, आणि त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे. पुराचं पाणी सपाट भिंतीवर आलं तर सगळा जोर भिंतीवर बसतो. निमुळत्या टोकावर आलं की दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. धोमचं धरण व्हायच्या आधीचे पूर मी लहानपणी पाहिले आहेत. बाबा आम्हाला लांबून दाखवायचे, पाणी त्या टोकाशी कसं फुटतं ते. अडीचशेहून अधिक वर्षं ते देऊळ नदीला लागून उभं आहे ते त्या पाठीच्या जोरावर.

संचातल्या देवळाला ती पाठ नाही. मागे सरळ, सपाट, काळपट रंग फासलेली फळी आहे.

मला हे कळायला तीन महिने लागले, कारण पाचही वास्तू शोकेसमध्ये भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. जूनमध्ये धूळ पुसायला काढल्या आणि देऊळ हातात फिरवलं. शिखराची नक्षी समोरून इतकी बारीक, खांबांच्या कमानी मोजून घ्याव्यात अशा, आणि मागे काहीच नाही. मी बराच वेळ ते हातात धरून बसले होते.

कोणी म्हणेल, अशा वस्तू सपाटच असतात. असतात, मला माहीत आहे. माझी भाची ओहायोत राहते. तिने पूर्वी तिथल्या वूस्टर गावच्या ‘कॅट्स मियाव’ मालिकेतलं एक छोटं घर आणून दिलं होतं. पाऊण इंच जाडीची फळी, समोर छापलेलं घर, कोपऱ्यात एक काळी मांजर. गावोगावच्या जुन्या इमारती लोक अशा १९८० च्या दशकापासून जमवत आले आहेत. ते घर सपाटच आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण मागे त्या इमारतीची हकिगत छापलेली आहे. उलटं करून वाचावं अशी पाठ आहे त्याला. आमच्या देवळाच्या पाठीवर तर हकिगत छापायचीही गरज नव्हती. भिंत आहे तशी केली असती तरी पुरलं असतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “मॅडम, प्रॉडक्ट समोरून बघण्यासाठी डिझाइन केलंय.” मी पुन्हा लिहिलं की ज्या देवळाबद्दल आपण बोलतोय ते मागूनच पाहायचं असतं, नदीच्या बाजूने. त्यावर काही नाही. तोपर्यंत माझी तक्रार एवढीच होती.

मग जुलै आला. ठाण्यातला जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, डब्यातलं मीठ ओलं, दारं चौकटीत अडकतात. एका सकाळी पाहिलं तर ढोल्या गणपतीच्या तळाची कड फुगली होती, आणि घंटेच्या देवळाचा कोपरा सुटून वरचा पापुद्रा वाकला होता. जाहिरातीत शब्द होता ‘सागवानी’. साग असा फुगत नाही. आमच्या माहेरच्या घराची सागाची तुळई पिढ्यान् पिढ्या पाऊस खात होती.

चरईत एक सुतारकाका आहेत, देव्हारे आणि जुन्या खुर्च्या दुरुस्त करतात. त्यांच्याकडे सगळा संच पिशवीत घालून नेला. त्यांनी फुगलेल्या कडेवर नख फिरवलं आणि म्हणाले, “ताई, हे लाकूड नाही. एमडीएफ आहे, भुसा दाबून केलेली पाटी. वरून सागाचं विनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, चिकटवलंय. हे एकदा फुगलं की परत बसत नाही.” मग त्यांनी एकेक वास्तू उचलून पाहिली आणि मेणवलीचा वाडा हातात आल्यावर थांबले. वाडा भरीव सागाचा निघाला. पाचांपैकी तो एकटाच.

का, ते विक्रेत्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून वाड्याबद्दलचं माझं मत बदललं. आधी मला तो संचातला सगळ्यात साधा वाटायचा. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, दप्तरासाठी इतिहासात नाव असलेला, तो वीतभर लाकडात काय दाखवणार असं वाटायचं. आता निवांतपणे पाहिला तर चौकांची खोली खरोखर कोरून घेतलेली आहे. दुपारी खिडकीतून ऊन आलं की आतल्या चौकात सावली पडते. आठ महिन्यांत त्याला ना बुरशी, ना तडा. या एका वास्तूसाठी मी १,५०० रुपयेही दिले असते.

तक्रारीची कथा थोडक्यात सांगते. आधी ‘ओलाव्यामुळे झालेलं नुकसान धरत नाही’. मग ‘खोका उघडतानाचा व्हिडिओ पाठवा’. बिघाड चार महिन्यांनी झाला, त्याचा उघडतानाचा व्हिडिओ कसा असणार? मी जाहिरातीतल्या ‘सागवानी’ या शब्दाचा फोटो काढून रोज सकाळी एकदा पाठवत गेले. अकराव्या दिवशी ते नरमले. ढोल्या गणपती आणि घंटेचं देऊळ बदलून देतो म्हणाले, कुरिअरचा खर्च माझा. मी नाही म्हटलं. १२० रुपयांचाच प्रश्न होता, पण चूक त्यांची आणि भुर्दंड माझा हे मला मान्य नव्हतं. शेवटी त्यांनीच भरले.

बदलून आलेल्या दोन वास्तू पाहून मला एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी लागते. पाटी एमडीएफचीच आहे, पण कडांना या वेळी लाखेचा जाड हात दिलाय, तळाला रबरी बुटं लावलीत. संपूर्ण भाद्रपद, अगदी गणपतीत पाहुण्यांची ये-जा आणि दारं उघडी असतानाही, त्या फुगल्या नाहीत. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी दोन तारे देणार होते. हे आठवल्यावर तीन करते आहे. घंटेचं देऊळ तर आता पहिल्यापेक्षा चांगलं आहे. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी आप्पांनी आणलेल्या घंटांपैकी एक मूळ देवळात आहे, तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नव्या तुकड्यात ते साल भिंगाने वाचता येतं. त्याच मोहिमेत १७३७ मध्ये ठाण्याचा किल्लाही मराठ्यांकडे आला, आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. कोपिनेश्वराचं देऊळ, तो किल्ला आणि मासुंदा तलावाचा काठ असा आमच्या ठाण्याचा संच कोणी करेल का, असं मी त्यांना विचारून ठेवलंय.

देवळाची पाठ मात्र पुन्हा सपाटच आली.

म्हणून मी ते सुतारकाकांकडे परत नेलं. भावाला सांगून वाईहून फोटो मागवले, पलीकडच्या काठावरून, दोन्ही बाजूंनी, आणि टोक जिथे पाण्याला भिडतं तिथून. काकांनी ते मोबाइलवर मोठे करून पाहिले. त्यांच्याकडे पाडलेल्या एका चाळीच्या खिडकीच्या चौकटीचा सागाचा तुकडा होता. त्यातून त्यांनी पटाशीने ढोबळ आकार काढला आणि मग कानशीने तासन् तास घासत निमुळता केला. दोन दिवस लागले. ४०० रुपये घेतले. मी ५०० दिले, त्यांनी १०० परत केले. जोड दिसतो, कारण जुना साग नव्या विनियरपेक्षा काळा आहे. मला तो जोड आवडतो.

आता शोकेसमध्ये चार वास्तू समोर तोंड करून आहेत आणि ढोल्या गणपती पाठमोरा. नात परवा विचारत होती, हे देऊळ उलटं का. ताटात पाणी घेतलं, मधे देऊळ ठेवलं आणि तांब्याने एका बाजूने धार सोडली. पाणी टोकाशी फुटून दोन्ही अंगांनी गेलं. तिने पाच वेळा करायला लावलं. (नव्या तळाला त्याने काही झालं नाही, हेही नोंदवून ठेवते.)

घ्यायचा विचार असेल तर पूर्ण संच घेऊ नका. वाडा आणि घंटेचं देऊळ सुटे मिळतात का ते विचारा, आणि वाडा भरीव सागाचाच आहे हे मेसेजमध्ये लिहून घ्या. काशीविश्वेश्वर बरा आहे, दीपमाळा मात्र पातळ आहेत, पुसताना कापड अडकतं. पायऱ्या नसल्या तरी चालतील. पावसाळ्याआधी तळाला आणि कडांना स्वतः एकदा वॉर्निश मारा. ढोल्या गणपती घेणार असाल तर आधी मागच्या बाजूचा फोटो मागा.