१९११ पिस्तूल, आठ महिन्यांनंतर: गोळीपेक्षा स्प्रिंगचीच धास्ती

ग्रीन कार्ड हातात पडलं आणि बऱ्याच वर्षांची हौस भागवून घेतली. एच-वन-बी व्हिसावर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर इथे अमेरिकेत पिस्तूल बाळगता येत नाही. त्यामुळे तोवर नुसतं बघून समाधान मानत होतो. घेतलं ते ५ इंची नळीचं, .४५ कॅलिबरचं, १९११ घाटाचं. हा घाट आता कितीतरी कंपन्या काढतात. माझी कुठली ते लिहीत नाही, कारण सांगायचंय ते बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याच्या मूळ रचनेबद्दल. अमेरिकन लष्करानं १९११ साली ती स्वीकारली आणि १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल येईपर्यंत सोडली नाही.

आठ महिन्यांत साधारण १८०० फैरी झाल्या. नेम, ट्रिगर, पकड यांवर लिहिणारे ढीगभर आहेत. मी लिहितोय ते साफसफाईसाठी पिस्तूल उघडण्याबद्दल, कारण ह्या काळात मी एकदाच खरा दचकलो आणि तेही नेमबाजीच्या रेंजवर नाही, घरी गॅरेजमध्ये.

ग्लॉक ह्या दुसऱ्या प्रकारचं पिस्तूल उघडायचं तर आधी ट्रिगर दाबावा लागतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, गोळी राहिली आहे का ते तपासायचं विसरलात तर ती सुटते. १९११ला ट्रिगरला हातही लावावा लागत नाही. ही बाजू मला मनापासून आवडते. पण सुटकेचा निःश्वास टाकू नका, कारण ह्याच्या तोंडाशी एक दाबलेली स्प्रिंग दबा धरून बसलेली असते.

नळीखाली फैरीचा धक्का झेलणारी रिकॉइल स्प्रिंग, तिच्या तोंडावर टोपीसारखा प्लग आणि त्या दोघांना अडवून धरणारं बुशिंग, म्हणजे नळीच्या तोंडाचं कडं. ५ इंची .४५ला नेहमीची स्प्रिंग १६ पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास. प्लग अंगठ्यानं आत दाबायचा, बुशिंग पाव वळसा फिरवायचं आणि मग अंगठा हळूहळू सैल करत प्लग बाहेर येऊ द्यायचा. लिहायला एक ओळ लागली. माझं बुशिंग मात्र नवं असताना इतकं घट्ट होतं की फिरता फिरेना. एका हातात बुशिंगचा प्लॅस्टिकचा पाना, दुसऱ्या हाताचा तेलकट अंगठा प्लगवर. बुशिंग एकदम सुटलं, अंगठा घसरला आणि प्लग माझ्या कानाजवळून छताला! खण्णकन आवाज, मग शांतता. स्वयंपाकघरातून बायकोची हाक, "अहो, काय फुटलं?" काही नाही म्हणालो. प्लग तीन दिवसांनी हिवाळी टायरांमागे सापडला. छताचा खळगा अजून आहे.

चष्मा नव्हता घातला. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून डोळ्यांवर रेंजचाच चष्मा, अंगठा कोरडा पुसलेला, त्यावर दुमडलेलं फडकं आणि नळीचं तोंड भिंतीकडे, स्वतःच्या तोंडाकडे कधीच नाही. प्लगला आत एक बारीक जीभ असेल तर ती स्प्रिंगच्या वेटोळ्यात अडकते, आणि मग अंगठा चुकला तरी तो सहसा उडून जात नाही. माझ्या प्लगची जीभ गुळगुळीत होती. नवा प्लग मागवला, तो नीट अडकतो. काही जण आधी स्लाइड स्टॉप (स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, अडवणारी खिट्टी) काढून स्लाइड अख्खी पुढे ओढून घेतात आणि स्प्रिंग मागून काढतात. करून पाहिलं, मला मानवलं नाही, कारण तिथे स्प्रिंगच्या आतला गाइड मागून निसटू बघतो.

त्या आधीची तयारी ठरलेली. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीनंही चाचपायचं. अंगठ्याचं सेफ्टी (फैर रोखणारी कळ) लावलेलं असलं तर स्लाइड हलत नाही, म्हणून ते खाली. रिकामं असल्याची खात्री झाल्यावर हॅमर (मागचा घोडा) वर चढलेलाच ठेवा. तो खाली असेल तर स्लाइड ओढताना हॅमरच्या मेनस्प्रिंगचाही जोर सोसावा लागतो. आणि स्लाइड काढल्यावर ट्रिगर ओढून हॅमर सोडायचा नाही. तो सरळ फ्रेमवर आपटतो.

जोडताना स्लाइड स्टॉप नीट बसवायचा. मागचा छोटा प्लंजर (स्प्रिंगवरची खुंटी) आत न दाबता तो वर रेटला की फ्रेमवर अर्धचंद्राची रेघ उठते. इथले लोक तिला 'इडियट स्क्रॅच' म्हणतात. माझ्याकडे ती पहिल्याच आठवड्यात आली, आता तिच्याकडे बघायचंही सोडलंय.

स्प्रिंग दमली की आधी पुंगळ्या सांगतात. माझ्या सहा-सात फुटांवर पडायच्या, १५००च्या सुमाराला त्या शेजाऱ्याच्या टेबलापर्यंत जायला लागल्या. जुनी स्प्रिंग नव्याशेजारी ठेवली तर बोटभर आखूड निघाली. हौसेनं मधे १८.५ पौंडांची घालून पाहिली. स्लाइड इतक्या जोरात बंद व्हायची की हलक्या काडतुसांनी दोनदा अडकली, शिवाय प्लग दाबताना अंगठ्याचं नखही दुखलं. परत १६वर आलो. बऱ्याच जणांचा हिशेब दोन-तीन हजार फैरींना एक स्प्रिंग असा असतो. मी अठराशेलाच बदलली. स्प्रिंग स्वस्त आहे, तिच्यासाठी स्लाइड ठोकून घेण्यात अर्थ नाही.

विकणाऱ्यानं पिस्तूल देताना कागदांचा गठ्ठा दिला, पण प्लग उडू शकतो हे तोंडानं सांगितलं नाही. दोन मिनिटं लागली असती. गेल्या महिन्यात मित्रानं घेतलं तेव्हा मी त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून पहिल्यांदा उघडून दाखवलं. पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, "अरे, सोडू नकोस, अजून सोडू नकोस." बुशिंग त्याचंही घट्टच आहे.