चार्जर आर/टी: ४४० मॅग्नम की ४२६ हेमी?

१९६९च्या डॉज चार्जर आर/टी या अमेरिकन गाडीत ४४० मॅग्नम इंजिन मूळचंच. ४२६ हेमी इंजिनाला जादा पैसे मोजावे लागत. कागदावर ३७५ विरुद्ध ४२५ हॉर्सपॉवर. पण हेमी सांभाळणं म्हणजे हौसेला मोल नाही: दोन चार-बॅरल (चार तोंडांचे) कार्ब्युरेटर जुळवायचे, सॉलिड लिफ्टरमुळे (व्हॉल्व्ह ढकलणारे, गॅप आपोआप न जुळवणारे भाग) व्हॉल्व्हचा गॅप फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) वरचेवर तपासायचा. स्पार्क प्लग व्हॉल्व्ह कव्हरमधून नळीत उतरतात. नळीचं सील कडक झालं की प्लग तेलाने माखूनच बाहेर येतो.

४४०ला एकच कार्ब्युरेटर, गॅप तेलाच्या दाबाने आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टर, सुटे भागही स्वस्त. खरंच चालवायची असेल, तर हेच घ्यावं.

नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवल्यावर मात्र दोन्हींत भरपूर झिंक असलेलं तेल घाला आणि पहिली २० मिनिटं २,००० आरपीएमच्या वर ठेवा. आयडलवर सोडलंत तर त्याचे लोब (उंचवटे) घासलेच म्हणून समजा.